नाचणीचं बाळंतपण

४ मार्च

सकाळी पोर्चमध्ये चहा घेताना एक पक्षी दिसला. चिमणीएवढा. पाठ काळपट, पोट पांढरं, गळ्यावर पांढरे ठिपके. कपाळापासून मानेपर्यंत गेलेली रुंद पांढरी भुवई, जणू कुणी चुन्याचा ब्रश फिरवलाय. शेपूट सारखी उघड-मीट, पत्त्यांचा पंखा करावा तशी. एका जागी क्षणभर टिकत नाही. डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, मध्येच हवेत उडी मारून माशी पकडतो आणि पुन्हा तिथेच येऊन नाचतो.

मोबाइलवर शोधलं. नाचण. पांढऱ्या भुवईची. मूळ राहणार रानातली. आहार किडे, माश्या, डास.

निवृत्तीनंतर काय करायचं, हा प्रश्न आज सुटला. नाचणीचा संपूर्ण अभ्यास करायचा. निरीक्षण, फोटो, शेवटी सचित्र पुस्तिका. माझं नावच नीळकंठ. हेही एका पक्ष्याचं नाव. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

सुधा म्हणाली, परवा वल्लरी येतेय, माळ्यावरचा पाळणा तेवढा काढून द्या. म्हणालो, आज काढतो.

६ मार्च

वल्लरी आली. आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आधीच ठरलं होतं. जावई अनय सोडायला आला होता, जेवून पुण्याला परत गेला. डॉक्टरांनी वीस एप्रिलच्या आसपासची तारीख दिली आहे. हॉस्पिटल बारामतीत, पणदऱ्याहून फार तर अर्धा तास. गाडीची जबाबदारी माझी.

अनय दोन-दोनदा विचारत होता, बाबा नक्की ना. त्याला शांतपणे सांगितलं की सगळी नोकरी कालव्यांवर अभियंता म्हणून काढली आहे, भर पावसात रात्री-बेरात्री साइटवर पोचलेलो आहे. तो गप्प बसला. माझा शब्द पुरतो.

पाळणा उद्या.

९ मार्च

मोठी बातमी. नाचण एकटी नाही. जोडी आहे. आणि घरटं बांधायला घेतलंय! पोर्चवर आलेल्या चिकूच्या फांदीवर, बरोबर आमच्या गाडीच्या टपावर.

बांधकामाची पाहणी केली. फांदी करंगळीएवढी. पाया नाही, टेकू नाही. गवताच्या काड्या, मुळ्यांचे धागे आणि त्यावर बाहेरून कोळ्याच्या जाळ्याचा गिलावा. जाळं हेच त्यांचं सिमेंट. पोर्चच्या छताचे कोपरे म्हणजे त्यांचं गोदाम. लगेच आदेश काढला, पोर्चमधली जळमटं कुणीही काढायची नाहीत.

सुधा म्हणाली, ती दिवाळीपासून तुम्हीच काढणार होतात.

दूरदृष्टी म्हणायची.

११ मार्च

गंभीर प्रकार. एक नाचण गाडीच्या साइड मिररवर चोची मारत होती. स्वतःलाच परका पक्षी समजून भांडत होती. आपण कोण हे न कळणं, पक्ष्यांची मर्यादा. दोन्ही आरशांना अनयचे मोजे घातले. (इथे विसरून गेला होता.)

तरी इंजिनचा आवाज, धूर, हे प्रश्न उरतातच. गाडी हलवायची ठरवलं. कालव्यापलीकडे जोतीराम तात्यांची पत्र्याची शेड आहे. तात्यांचा ऊस आणि म्हशी. शिवाय गावचं दूध गोळा करून पिकअपमधून डेअरीला पोचवतात. शेडमध्ये गाडी लावली. तात्या म्हणाले, "सायेब, पाखरासाठी गाडी भायेर काढली व्हय? आमच्यात जावई आला तरी म्हस हलवत न्हाईत."

हसलो. खेड्यात अजून जागृती व्हायची आहे.

१३ मार्च. होळी

धूर पोर्चकडे जाईल म्हणून होळी लांब बांधावर पेटवली. वारा बदलला. धूर पोर्चकडेच आला. नाचण खोकली नाही. पुरणपोळ्या तीन.

१६ मार्च

वल्लरीचं डोहाळजेवण. सुधाच्या बेताप्रमाणे झोपाळा पोर्चमध्ये टांगायचा होता. फुलं, रांगोळी, पंधरा-वीस बायका, गाणी. घरट्याचा शेवटचा गिलावा चालू असताना हे शक्य नव्हतं. मी कार्यक्रम मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी हलवला. पोर्चला 'शांतता राखा'चा बोर्ड लावला.

मागे सावली नाही हे नंतर लक्षात आलं. फुलांचे दागिने घालून वल्लरी उन्हात बसली. थोडी घेरी आली. थोडीच. सरबत दिलं. (सुधाने.) जोतीराम तात्यांच्या घरून जयवंतावहिनी आल्या होत्या. त्यांनी पदराने वारा घालत वल्लरीला विचारलं, "लेकी, तुजं डोहाळं हायेत का पाखराचं?" सगळ्या हसल्या. वल्लरीही हसली, पण माझ्याकडे बघून नाही.

घरटं पूर्ण. वाइन ग्लासची दांडी काढली तर उरेल तसं. सुबक.

२० मार्च

तीन अंडी! काठीला मोबाइल बांधून वरून फोटो घेतला. मळकट पांढरी, रुंद टोकाला तपकिरी ठिपक्यांचं कडं.

वाचलं आणि थक्क झालो. नाचणींमध्ये नर आणि मादी दोघंही अंडी उबवतात. आळीपाळीने. एक बसतं तेव्हा दुसरं किडे पकडतं, मग बदली. कुरकुर नाही, आठवण करून द्यावी लागत नाही. माणसाने यातून किती शिकण्यासारखं आहे. सुधाला स्वयंपाकघरात जाऊन हे सगळं वाचून दाखवलं. तिची कंबर कालपासून धरली आहे. ती पोळ्या लाटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वाचून झालं असेल तर गॅस बारीक करा."

संकल्प: उद्यापासून भाजी मी आणणार. वल्लरीला संध्याकाळी फिरायला मी नेणार. पाळणा रविवारी.

२१ मार्च

भाजी जमली नाही. ऐन वेळी बदली झाली. म्हणजे घरट्यावर.

२३ मार्च

व्हॉट्सॲपवर बारामती-इंदापूर पक्षीमित्रांचा ग्रुप आहे. तिथे घरट्याचे नऊ फोटो टाकले, सोबत निबंध: 'नर नाचण: एक आदर्श पती'. नराच्या पाळ्या जास्त भरतात, भर दुपारच्या उन्हात तोच बसतो, मादी तेवढ्यात भटकून येते, हे मी निरीक्षणाने सिद्ध केलं आहे.

ग्रुपचे अॅडमिन विजयसिंह. इंदापूरचे. हा माणूस वर्षभर भिगवणचे फ्लेमिंगो टाकतो. फ्लेमिंगो गुलाबी आहे आणि भरपूर आहे, यापलीकडे त्यात बघण्यासारखं काय असतं?

२४ मार्च

फोटो डिलीट. विजयसिंहांचा फोन. फार नम्र बोलले. घरट्याचे फोटो ग्रुपवर चालत नाहीत, माणूस जवळ गेला की कावळ्याला घरट्याचा पत्ता लागतो, सर तुम्ही जरा लांबच राहा. मग विचारलं, "नर-मादी दिसायला जवळपास सारखेच असतात. तुम्ही ओळखता कसे, सर?"

म्हणालो, अनुभवाने.

फोन ठेवल्यावर पोर्चमध्ये जाऊन बराच वेळ पाहिलं. एक बसली होती. दुसरी आली. पहिली उडाली. की दुसरी? तपशील किरकोळ आहे. निबंधाचा गाभा शाबूत आहे. विजयसिंहांना असूया वाटते हे स्पष्ट आहे.

३० मार्च. पाडवा

पोर्चसमोर गुढीला मनाई केली, रेशमी कापड फडफडून अंड्यांवरचा पक्षी बिचकेल म्हणून. सुधाने गुढी गच्चीत उभारली. जिना चढताना वल्लरी दोनदा थांबली. आरतीला नाचण स्वतःच गच्चीत आली आणि गुढीच्या तांब्यावर बसून शेपूट पसरून गायली. सहा-सात सुरांची शीळ, चढत जाते आणि एकदम खाली उतरते.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

३ एप्रिल

पिल्लं! तीन. डोळे मिटलेले, अंगावर काही नाही, नुसती तोंडं.

उन्हाचा कडाका. पिल्लांसाठी घरट्यावर हिरवी शेडनेट ताणली. चार खांब, सुतळी, पद्धतशीर काम. आई-बाप (कोण कोण ते असो) चोचीत किडे घेऊन जाळीभोवती घिरट्या घालत राहिले. आत येईनात. मी म्हणालो सवय होईल. तेवढ्यात वल्लरी बाहेर आली. तिला खरं तर वाकायलाही जमत नाही. झाडूच्या दांड्याने तिने माझी सगळी जाळी खाली ओढली. दम लागला होता. म्हणाली, "बाबा, तिला तिचं करू द्या ना. तुम्ही फक्त हाक मारली की या."

हल्ली चिडचिडी झाली आहे. या अवस्थेत होतं.

जाळी वाया जाऊ नये म्हणून तिचीच दडी केली. अंगणाच्या कोपऱ्यात. आत स्टूल, कॅमेरा, पाण्याची बाटली. पक्ष्याला मी दिसत नाही.

सुधा म्हणते, आम्हालाही नाही.

८ एप्रिल

अनयचा फोन. म्हणालो, नाचणीचं उत्तम चाललंय, दिवसातून शंभर खेपा. तो म्हणाला, एवढं सत्त्व तिला पचतं का? खुलासा करण्यात पाच मिनिटं गेली. घरात दोन नाचण्या आहेत. एक वल्लरी वाटीतून खाते.

मग त्याने गाडीचं विचारलं. रोज स्टार्ट करता ना? सांगितलं, यंत्राची माणसासारखी रोज विचारपूस करावी लागत नाही. गाडी सज्ज आहे. सुधा फोन घेऊन आत गेली आणि त्याच्याशी बराच वेळ बोलली. काय ते कळलं नाही. पिल्लांना पिसं फुटत होती, तिकडे लक्ष होतं.

१२ एप्रिल

शनिवार म्हणून अनय आला. आल्या आल्या माळ्यावरून पाळणा काढला. दहा मिनिटांत. घाई करण्याचा या पिढीला सोस आहे. मी टप्प्याटप्प्याने काढणार होतो.

जाताना म्हणाला, गाडी पोर्चमध्ये आणून ठेवूया का? म्हणालो, पिल्लं आता तीन-चार दिवसांत उडतील. अगदी नाजूक टप्पा. त्याने सुधाकडे पाहिलं. सुधाने हात जोडले. कुणाला ते कळलं नाही.

१५ एप्रिल, सकाळ

पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन पंख झटकतात. आज उडणार. पहिलं उड्डाण टिपायचंच. पुस्तिकेचं मुखपृष्ठ तेच.

न्याहारीच्या वेळी सुधा म्हणाली, वल्लरीचं सकाळपासून पोट दुखतंय, जवळपास राहा. म्हणालो, अंगणातच आहे. यापेक्षा जवळ काय असतं? फोन सायलेंट केला.

१६ एप्रिल, हॉस्पिटलचा व्हरांडा

काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

मी दडीत होतो. साडेअकराच्या सुमारास जोतीराम तात्यांची दुधाची पिकअप फाटकातून थेट पोर्चमध्ये शिरली. घरट्याच्या बरोबर खाली. मी दडीतून धावत बाहेर आलो, दोन्ही हात वर केले आणि तात्यांना गाडी मागे घेण्याची सूचना केली. म्हणालो, पिल्लं काठावर आहेत, इथे वाहन चालत नाही.

तात्या खिडकीतून बघतच राहिले. "सायेब, पोरगी कळा देतीया. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

तेवढ्यात सुधा वल्लरीला धरून बाहेर आली. वल्लरीचा चेहरा घामाने भिजलेला, ओठ दाबलेले. एका हाताने तिने खांब धरला होता. मी त्यांच्या आणि पिकअपच्या मध्ये उभा होतो. अजून हात वर होते.

सुधा म्हणाली, "सात वेळा फोन केला तुम्हाला. बाजूला व्हा."

एवढंच. आवाज चढवला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो आवाज मी ऐकलेला नव्हता.

बाजूला झालो. पुढे केबिनमध्ये तात्या, वल्लरी, सुधा. जागा संपली. तात्या म्हणाले, मागं कॅनात बसा. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी माझी गाडी घेऊन येतो. पिकअप निघाली. सायलेन्सर फुटका, भयंकर आवाज, धुराचा लोट. वर पाहिलं. नाचण घरट्यावर बसून होती. तिने मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे. उठलीसुद्धा नाही.

गाडीकडे गेलो. किल्ली फिरवली. काही नाही. दिवासुद्धा नाही. महिनाभर उभी राहून बॅटरी बसली होती. धक्का मारायला जयवंतावहिनी आणि एक म्हातारे गृहस्थ. गाडी शेडमधून बाहेर आली आणि कालव्याच्या चढाला उलटी आत गेली. मेकॅनिकला फोन केला, तो जेवायला बसला होता. वाट पाहण्यात वेळ गेला. मधल्या वेळात घरट्याकडे एक चक्कर झाली. फक्त पाहायला. मेकॅनिक आला, बॅटरी पाहिली आणि नवी आणावी लागेल म्हणाला. शेवटी रस्त्यावर येऊन एसटी धरली. उभ्याने. पूर्ण वाटेत आरशांचे मोजे माझ्या हातात होते, ते उतरताना लक्षात आलं.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तर व्हरांड्यात अनय. पुण्याहून आलेला. तो शंभर किलोमीटर, मी पंधरा. त्याने पाणी दिलं.

मुलगी. दोघीही ठीक.

सुधाने आत नेलं. कपड्यात गुंडाळलेली, एवढीशी, तांबूस. डोळे मिटलेले. भुवया जवळपास नाहीतच. वल्लरी झोपेत होती. मी तिच्या पलंगाशी उभा राहिलो. त्या दिवशी झाडूचा दांडा घेऊन ती उभी होती तो चेहरा डोळ्यांपुढे आला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "उडाली का हो पिल्लं?"

माहीत नाही म्हणालो. म्हणाली, "जा ना मग बघायला." रागाने नाही. खरंच म्हणाली. मी नको म्हणालो.

रात्रभर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. कुणी बसायला सांगितलं नव्हतं. कुणी घरी जा असंही म्हणालं नाही.

१७ एप्रिल

सकाळी कपडे न्यायला घरी आलो. घरटं रिकामं. खाली एक पीस. कधी उडाली, कशी उडाली, तिन्ही उडाली की नाही, काही पुरावा नाही. कॅमेरा स्टुलावर तसाच होता. तोंड घरट्याकडे, टोपण लावलेलं.

विजयसिंहांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, घरट्यातून उडाली तरी आठ-पंधरा दिवस आसपासच असतात सर, आई-बाप भरवत असतात. मग, घरी सगळं बरं ना? नात झाली म्हणालो. त्यांनी फार मनापासून अभिनंदन केलं. फ्लेमिंगोंविषयीचं माझं मत थोडं कठोर होतं का, याचा विचार करतो आहे.

१९ एप्रिल

वल्लरी आणि बाळ घरी. आमच्याच गाडीतून. नवी बॅटरी. गाडी अनयने चालवली, मी मागे बसलो. पोर्चमध्येच लावली.

जळमटं काढली. मी. संकल्प वगैरे न करता. अर्धी. खांदा दुखला.

२७ एप्रिल

आज दुपारी वल्लरी झोपली होती. अनय पुण्याला गेलाय. सुधा सकाळपासून उपाशी. पहिल्यांदाच बाळाला माझ्याकडे दिलं. मला पोर्चमधल्या खुर्चीत बसवून बाळ मांडीवर ठेवलं, डोक्याखाली माझा हात लावून दिला. म्हणाली, मी चार घास खाते, नीट लक्ष ठेवा. म्हणालो, निरीक्षण हाच माझा विषय आहे.

बाळ झोपलं. हलायची सोय नाही. आणि नेमकी तेव्हा ती आली. नाचण. दुपट्यांच्या दोरीवर. मागोमाग पिल्लं. एक, दोन, आणि बऱ्याच वेळाने तिसरं. आखूड शेपट्या, भुवया अजून मळकट. मोठ्या पक्ष्याने माशी पकडली की तिघं तोंडं उघडून एकमेकांवर पडत. एक पिल्लू दोरीवर गिरकी घ्यायला गेलं आणि उलटं लटकलं. पुन्हा वर आलं. शेपूट पसरली. मावत नव्हती तेवढी पसरली.

कॅमेरा आत कपाटावर. हाक मारावी तर बाळ उठेल. बसून राहिलो. मोठी जी होती ती नर की मादी, ओळखता आलं नाही. हे इथे लिहून ठेवतो.

कितीतरी वेळाने सुधा हात पुसत आली. पक्षी उडाले. मी हळू आवाजात सांगितलं, तिन्ही आहेत. पंख, रंग, उडण्याची पद्धत, किती अंतरावर कोण बसलं, सगळं सांगितलं. एवढं बारकाईने मी आजवर काही पाहिलेलं नाही, असंही म्हणालो.

सुधाने बाळाला उचललं. माझा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. पार खुर्चीखाली ओघळ.

विचारलं, "कधीची ओली आहे ही?"

सांगता आलं नाही.